कोपऱ्यातली हिरवी रेघ

मित्रांनो, जरा पुढे या. लांबून मी नीट दिसत नाही, आणि मोठ्यानं बोलायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. आलात? आता माझ्या उजव्या अंगाला, वरच्या कोपऱ्यात बघा. काचेवर बोटभर लांबीचा एक ओरखडा दिसतोय ना? येणारा जाणारा म्हणतो, "अरेरे, कुणी केलं हे?" मला मात्र माझ्या साऱ्या अंगावर तेवढाच भाग आवडतो. तो कसा आला, हेच आज सांगायचं आहे.

मी एक जुनी काचेची टाकी आहे. वय विचारू नका. लोखंडी चौकट गंजलीय, खालचा एक सांधा मधूनमधून पाझरतो, आणि रोज सकाळी भट्टीचा पहिला धूर नळीतून पोटात शिरला, की मनात येतं, आला बाई आणखी एक दिवस! पण सांगायला बसलेच आहे, तर पहिल्यापासून सांगते.

मला एका काचवाल्यानं बनवलं. तोंडाचा फटकळ, पण हाताचा फार हळुवार माणूस. जाड काचा कापून, त्यांच्या कडा घासून, रबरासारख्या गोंदानं त्यानं माझे सांधे जोडले आणि मला पाण्यानं काठोकाठ भरून कितीतरी दिवस तसंच ठेवलं. येता-जाता खाली वाकून बघायचा, कुठे ओल येते का. आली नाही. मग पाठीवर थाप मारावी तशी माझ्या काचेवर थाप मारून त्यानं मला लहान मुलांच्या एका दवाखान्यात धाडलं.

तिथं बाहेरच्या खोलीत, बाकांच्या समोर मला उभं केलं. पोटात नारिंगी मासे सोडले. सुई टोचून घ्यायला आलेली मुलं आधी भोकाड पसरायची, मग त्यांचं लक्ष माझ्याकडे जायचं. नाक काचेला लावून ती माशांशी बोलायची आणि सुईचं विसरून जायची. ते माझे सुखाचे दिवस होते, हे तेव्हा मला कळलं नाही.

माझी देखभाल करायचे मासेकाका. खरं तर त्यांचं काम वॉर्डातल्या चादरी बदलण्याचं, पण मुलांनी त्यांना हे नाव दिलं आणि तेच चिकटलं. खांद्यावर कायम एक दुमडलेलं फडकं. शेवाळ म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी! काचेवर हिरवी छटा दिसायचा अवकाश, की काकांनी बाह्या सरसावल्याच. आधी मासे बादलीत, मग पट्टीनं खरवडणं, मग फडकं, मग जंतुनाशकाचं पाणी, मग चार वेळा साधं पाणी आणि शेवटी कोरड्या कागदानं पुसणं. हा क्रम कधी चुकला नाही. काच इतकी लख्ख व्हायची, की एकदा डॉक्टरसाहेब माशांना खाऊ घालायला गेले आणि काच आहे हे न कळून त्यांची बोटं चांगलीच आपटली. काका वॉर्डात जाऊन आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होते.

काकांची मुलगी शाळा सुटली की तिथंच यायची. तिची आई घरी शिवणकाम करायची आणि मशीनच्या आवाजात अभ्यास होत नाही, अशी पोरीची तक्रार असे. अभ्यास कसला, माझ्यासमोर बसून टक लावून बघणं! काका मला खरवडायला लागले, की ती एक बाटली पुढे करायची.

"बाबा, ते हिरवं फेकू नका ना. यात घाला."

"अगं, घाण कसली जमवतेस?"

"घाण नाही बाबा, ते जेवतं. उजेड आणि हवा खाऊन मोठं होतं."

"मग जेवू दे बाहेर जाऊन. माझ्या काचेवर नको," असं म्हणत काका बाटली मात्र भरून द्यायचे.

पुढे दवाखान्यात टीव्ही आला. मुलांची तोंडं माझ्याकडून तिकडे वळली. मासे कुणीतरी घरी नेले आणि मला जिन्याखाली ढकललं. माझ्या पोटात मोडक्या खुर्च्यांचे पाय आले, जुने एक्स-रे आले, एक फाटकी छत्री आली. किती काळ गेला, सांगता येणार नाही. अंधारात दिवस मोजायचे कशाला? मासेकाका निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल देऊ करत होते. ते म्हणाले, "शाल नको, ती टाकी द्या." हातगाडीवर घालून त्यांनी मला घरी नेलं. काकूंनी कपाळाला हात लावला. "ही धोंड कुठे ठेवू मी?" त्यावर काका एवढंच म्हणाले, "राहू दे गं. किती पोरांचं रडं थांबवलंय तिनं." मग गॅलरीत माझ्यात कांदे-बटाटे राहू लागले. काका मात्र बाहेरून मला पुसत राहिले. सवय, दुसरं काय.

आता खऱ्या कामाचं ऐका. मुलगी शिकून मोठी झाली होती. गावाबाहेर एक चुनाभट्टी आहे, तिथं तिला बोलावणं आलं. पांढरे दगड भट्टीत भाजले, की त्यांचा चुना होतो. पण भाजताना कोळशाचा धूर तर निघतोच, शिवाय त्या दगडाच्या पोटात अडकलेला वायूही बाहेर पडतो. हा वायू दिसत नाही, पण हवेत साठून राहतो आणि साऱ्या जगाला ताप आणतो. सरकारी खात्यानं भट्टीच्या मालकांना बजावलं होतं, की हा वायू कमी करा, नाहीतर भट्टी बंद करा. भट्टी बंद म्हणजे गावातल्या निम्म्या घरांच्या चुली थंड. म्हणून या मुलीला बोलावलं.

तिनं काय केलं होतं, तर साध्या शेवाळाच्या पेशीत एक बदल केला होता. गरम पाण्याच्या झऱ्यात काही शेवाळं तगून राहतात. उष्णता सोसायचा त्यांचा गुण ज्या जनुकात असतो, तो तिनं आपल्या शेवाळात आणून बसवला. शिवाय त्याची भूक वाढवली. साधं शेवाळ चिमणीच्या धुरात मान टाकतं, हे मात्र धुरातला तो वायू गटागटा पितं. आणि धूर मिळाला नाही तर जगत नाही, अशी व्यवस्थाही तिनं मुद्दाम केली होती, म्हणजे चुकून ओढ्यानाल्यात गेलं तरी तिथं माजायला नको. अंगणात उन्हात काचेच्या लांबच लांब नळ्या मांडल्या. चिमणीचा धूर गार करून, पाण्यातून धुऊन त्या नळ्यांत सोडायचा. आत शेवाळ वाढलं की ते काढून, वाळवून बांधकामाच्या तक्त्यांत मिसळायचं. म्हणजे खाल्लेलं परत हवेत जात नाही.

पण नळ्यांना बियाणं पुरवणारी एक टाकी हवी होती. घरी विरजणाची वाटी बाजूला काढून ठेवतात ना, तशी. नवी टाकी यायला वेळ होता, म्हणून मुलीनं बापाकडे माझी मागणी केली. कांदे बाहेर आले आणि मी भट्टीशेजारच्या खोलीत आले, तात्पुरती! तात्पुरती म्हणून आलेली मी अजून इथंच आहे. तुमच्याही घरात असं काहीतरी असेलच.

भट्टीवरचे लोक तिला शेवाळबाई म्हणायला लागले. आधी टिंगलीनं, मग सवयीनं. तिला राग नव्हता. पोटात धुराचे बुडबुडे, चारी बाजूंनी दिवे आणि काचेला दाट हिरवा थर, असं माझं रूप झालं. ज्या हिरव्यापायी मी जन्मभर खरवडून घेतलं, तेच आता माझं मोल झालं. काका पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"अगं, काय दशा करून ठेवलीस हिची!"

"बाबा, घाण नाही ती. जेवतेय," मुलगी हसून म्हणाली.

"बरं बरं," काका म्हणाले. पण एखाद्याच्या घरात पसारा दिसला की आपण कसे भलतीकडेच बघतो, तसे ते खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

काम सोपं नव्हतं हो. मॅनेजरसाहेबांना चुन्याची घाई असायची. आधी भट्टी पेटायची, मग जेवढा धूर येईल तेवढा शेवाळानं निमूट गिळायचा. एकदा मोठी मागणी आली, भट्टी फुगवून पेटवली, गार करणारा पंखा पुरा पडेना, आणि गरम धुरानं अंगणातल्या साऱ्या नळ्या एका दिवसात पांढऱ्या पडल्या. शेवाळ मेलं की असं पांढरं पडतं.

"तुमचं शेवाळ फारच नाजूक बुवा," मॅनेजर म्हणाले.

"साहेब, तुम्हाला कुणी दुप्पट जेवण तोंडात कोंबलं तर?" शेवाळबाई म्हणाली. पण ऐकतो कोण! माझ्या खोलीतली धुराची नळी तिनं वेळेत बंद केली, म्हणून मी तेवढी वाचले होते.

आणि नेमकी त्याच आठवड्यात तपासणी आली. सरकारी तपासनीस येणार, यंत्र लावून मोजणार, आणि भट्टी चालू ठेवायची की नाही ते ठरवणार. शेवाळबाईनं जिवाचं रान केलं. मेलेल्या नळ्या धुऊन काढल्या. ठरलं असं, की तपासनिसांना माझ्यावरच यंत्र लावून दाखवायचं, धूर किती आत जातो आणि किती बाहेर येतो. मग त्यांच्यासमोरच माझ्यातलं हिरवं नळ्यांत सोडायचं. सगळी भिस्त माझ्यावर होती.

आदल्या दिवशी मोजायचं यंत्र आणायला तिला शहरात जावं लागलं. तिनं काकांना बोलावून घेतलं.

"बाबा, दुपारभर इथं बसा. टाकीला कुणाला हात लावू देऊ नका."

"तू निर्धास्त जा," काका म्हणाले.

काका स्टुलावर बसले. कुणीतरी डोकावलं, काकांनी हाकललं. दुसरं कुणी आलं, त्यालाही हाकललं. मग खोलीत आम्ही दोघंच राहिलो. काका माझ्याकडे बघू लागले. मी त्यांची नजर ओळखत होते, मित्रांनो! इतक्या वर्षांची ओळख होती ती. उद्या मोठे साहेब येणार, पोरीच्या नशिबाचा दिवस, आणि ही अशी शेवाळलेली, ओशाळवाणी टाकी तिच्या कामावर दिसणार? लोक काय म्हणतील, की हिचा बाप जन्मभर टाक्या घासत होता आणि पोरीची टाकी बघा! 'कुणाला हात लावू देऊ नका' हे त्यांनी ऐकलं होतं, पाळलंही होतं. स्वतःला मात्र त्यांनी त्यात धरलंच नव्हतं. बाप म्हणजे कुणी परका का?

त्यांनी बाह्या सरसावल्या.

मला ओरडता येत असतं तर मी काचा फुटेपर्यंत ओरडले असते. पट्टी आली, फडकं आलं, जंतुनाशकाचं पाणी आलं. एकही पायरी त्यांनी गाळली नाही. गुडघे दुखत होते, मध्येच थांबून ते भिंतीला टेकत होते, आणि पुन्हा घासत होते. शेवटी कोरड्या कागदानं पुसून, दोन पावलं मागे जाऊन त्यांनी मला पाहिलं. दवाखान्यातल्या दिवसांसारखी मी लख्ख दिसत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. ते स्वतःशीच म्हणाले, "आता कसं! आता शोभतेस."

संध्याकाळी मुलगी यंत्र घेऊन आत आली आणि दारातच थिजली. काका हसतमुखानं उभे होते.

"बाबा," ती म्हणाली. ती खाली बसली. "बाबा, हे सगळं मेलं हो."

काकांचं हसू उतरत गेलेलं मी पाहिलं आहे. ते मला पुन्हा कधी बघायला लागू नये.

"घाण नव्हती ती?" ते हळूच म्हणाले.

"नव्हती बाबा." मग ती रडता रडता मध्येच हसली. "हे शेवाळ टाकायचं झालं तर आधी जंतुनाशक घालून मारायचं, असा नियम आहे आमचा. तो तरी पाळलात."

तिच्याकडे शीतकपाटात एका छोट्या कुपीत जपून ठेवलेलं बियाणं होतं, नाही असं नाही. पण कुपीतून टाकी भरायला कितीतरी आठवडे लागतात, आणि तपासनीस सकाळी येणार होते. बातमी कळताच मॅनेजरसाहेब धावत आले. त्यांच्या मागून भट्टीमास्तर आले. भट्टी पेटवणं, विझवणं हे सारं त्यांच्या हातात. घरात सात तोंडं खाणारी, म्हणून त्यांची तर पाचावर धारण बसली होती. मॅनेजरांनी मला आतबाहेर पाहिलं, थोडा विचार केला आणि पोत्यांवर छाप मारायच्या हिरव्या रंगाचा डबा आणवला.

"पाणी भरा आणि त्यात हे कालवा. साहेबांना हिरवं दिसलं म्हणजे झालं. यंत्र बिघडलंय म्हणून सांगू आणि मागचे आकडे दाखवू. बाई, तुम्ही फक्त गप्प राहा."

"मी असलं काही करणार नाही," ती म्हणाली.

"करू नका. पण मग टाकी कुणी धुतली, हे सगळ्या गावाला सांगावं लागेल. निम्म्या गावाची भाकरी कुणी घालवली ते. सांगता?"

तिनं बापाकडे पाहिलं. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. ती बाजूला झाली. मॅनेजरांनी स्वतःच्या हातानं रंग माझ्यात ओतला. मासे पोसले होते मी, कांदे सांभाळले होते, शेवाळ वाढवलं होतं. पण असं ओझं पोटात कधीच वागवलं नव्हतं.

सकाळी तपासनीस आले. वयस्कर, एका पायानं किंचित लंगडणारे, आणि माझ्यासारखेच थकलेले. दहा कारखान्यांतली दहा खोटी ऐकून माणूस थकतो तसे. मॅनेजर पुढे पुढे करत होते. भट्टीमास्तर आणि बाकीचे कामगार दारात गर्दी करून उभे होते. शेवाळबाई माझ्या बाजूला मान खाली घालून उभी होती.

"वा," तपासनीस म्हणाले. "चांगलं हिरवंगार आहे की! तुमचं का हे, बाई?"

हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर बाप उघडा पडणार.

तेवढ्यात कोपऱ्यातून काका पुढे आले. खांद्यावर तेच फडकं. त्यांनी ते माझ्या पाण्यात बुडवलं, बाहेर काढून पिळलं आणि तपासनिसांच्या समोर उलगडून धरलं. फडकं हिरवंगार झालं होतं.

"साहेब, शेवाळ असा डाग सोडत नाही. मी जन्मभर शेवाळ घासलंय, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "हा रंग आहे. आतलं खरं हिरवं काल मी मारलं. तिनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, तरी मी धुतली टाकी. मला ती घाण वाटली. चूक माझी आहे. पोरगी गप्प आहे ती माझ्यापायी. तिला खोटं बोलायला लावू नका."

दारातून कुणीतरी शिवी हासडली, ती काकांसाठी होती. मॅनेजरसाहेब छताकडे बघत होते. तपासनिसांनी ते फडकं हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि शेवाळबाईला विचारलं, "खरं हिरवं पुन्हा वाढेल?"

"वाढेल. पण वेळ लागेल."

"आणि वाढलं की भट्टीचा सगळा धूर पिईल?"

इथं ती खोटं बोलू शकली असती. तिनं मान हलवली. "सगळा नाही. रोज सारखाही नाही. सजीव आहे ते साहेब, कधी भूक असते, कधी नसते. आजवर आम्ही आधी भट्टी पेटवत आलो आणि मग त्याच्या तोंडात कोंबत आलो, म्हणून नळ्या मेल्या. आता उलटं करायला हवं. सकाळी आधी टाकी बघायची. जेवढं हिरवं असेल, तेवढीच आग लावायची."

"म्हणजे भट्टी शेवाळाला विचारून चालवायची?" मॅनेजर उसळून म्हणाले.

"हो," तपासनीसच म्हणाले. "तेच अटीत घालतो मी. हिरवं येईपर्यंत भट्टी बंद. आल्यावर बाईंनी सांगितलं तशी चालवा."

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. भट्टी थंड पडली. चिमणी आकाशात नुसती उभी. कामगार मिळेल ते काम शोधत फिरू लागले. भट्टीमास्तर रस्त्यात काकांना बघून तोंड फिरवायचे. काका तरीही रोज यायचे. माझ्यातला रंग त्यांनीच धुऊन काढला, साध्या पाण्यानं, मुलगी समोर उभी राहून सांगेल तसा. सगळा रंग गेला, फक्त उजव्या कोपऱ्यात गोंदाच्या सांध्यावर एक हिरवी रेघ घट्ट बसून राहिली. काकांनी पट्टी उचलली.

"बाबा, नको!" मुलगी पटकन म्हणाली. "सुकलाय तो, काही करत नाही. तुम्ही आता टाकीला हात लावू नका."

ती चिडून बोलली नव्हती. थकली होती बिचारी. पण काकांनी पट्टी खाली ठेवली, दोन्ही हात खिशात घातले, आणि त्या दिवसापासून माझ्या खोलीत आले की ते हात खिशातच ठेवायचे. स्टुलावर बसायचे आणि नुसते बघायचे.

कुपीतलं बियाणं माझ्यात पडलं. भट्टी बंद, म्हणून धुरातल्या त्याच वायूचं एक नळकांडं आणून त्यावर त्याला जगवलं. कितीतरी दिवस पाणी पाण्यासारखंच दिसत होतं. मग एके सकाळी काका म्हणाले, "अगं, इकडे ये. काच धुरकट दिसतेय." ज्या डोळ्यांनी जन्मभर शेवाळाचा पहिला पापुद्रा वैऱ्यासारखा हेरला, त्याच डोळ्यांनी त्या दिवशी तो हेरला, आणि बापलेक एकमेकांना टेकून लहान मुलांसारखे रडले. मग नळ्या भरल्या, आणि भट्टी पुन्हा पेटली, अगदी मंद. भट्टीमास्तर रोज सकाळी आत यायचे, माझ्याकडे बघून विचारायचे, "काय म्हणतेय? किती पेटवू?" काकांशी मात्र ते बरेच दिवस बोलले नाहीत. पुढे केव्हातरी दोघांनी एकत्र चहा घेतला, एवढं मला माहीत आहे.

गोष्ट इथं संपली असती तर मी आज थकलेली नसते. पण वर्षं गेली. भट्टीमास्तर निवृत्त झाले, नवे आले. शेवाळबाईला आणखी कुठल्या कुठल्या भट्ट्यांवर कुपी घेऊन जावं लागतं, ती महिन्यातून एखादी फेरी मारते. नवे मास्तर वाईट नाहीत, घाईतले आहेत. सकाळी दारातूनच आत मान घालायचे, "हं, हिरवी आहे," म्हणायचे आणि भट्टी पूर्ण पेटवायचे. मी फिकी पडले होते. धूर सोसवेना, माझ्यातलं शेवाळ मान टाकत होतं, आणि तरी रोज सकाळी "हिरवी आहे," आणि पोटात धुराचा लोंढा. वाटायचं, पुरे झालं. जिन्याखालचा अंधार परवडला.

शेवाळबाई आली आणि मला बघून हबकली. तिच्याही केसांत पांढरं आलं होतं, आणि सोबत काठी टेकत आलेल्या काकांनी आत येताच काठी भिंतीला लावून हात खिशात घातले होते.

"मास्तर, ही पांढरी पडत चाललीय. रोज बघता ना तुम्ही?"

"बघतो की बाई. हे काय, दारातूनच दिसतं," म्हणत त्यांनी बोट दाखवलं. ते बोट माझ्या उजव्या कोपऱ्याकडे होतं.

ती दारात जाऊन उभी राहिली आणि तिथून तिनं माझ्याकडे पाहिलं. लांबून तिलाही काय दिसलं, तर एक ठसठशीत हिरवी रेघ. बाकी मी अख्खी फिकी, पण ती रेघ मात्र टवटवीत. तिला मरण कुठून येणार? ती कधी जिवंतच नव्हती.

मुलगी परत आत आली. मग खिडकीतली पट्टी घेऊन ती काकांपुढे आली.

"बाबा, ती रेघ काढता?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. हात खिशातच होते.

"मी? हात लावू?"

"तुम्हीच लावा. काच घासायला तुमच्यासारखं दुसरं कोण आहे?"

इतक्या वर्षांनी ते हात खिशातून बाहेर आले. मुलीनं काठी धरली, काकांनी चौकटीला टेकून पट्टी कोपऱ्याला लावली आणि खरवडायला लागले. रंग चिवट होता. मध्येच हात घसरला आणि काचेवर चरा उमटला, तोच हा ओरखडा. काकांनी जीभ चावली, पण थांबले नाहीत. शेवटची खपली निघाली तेव्हा त्यांनी ती बोटावर घेऊन मुलीला दाखवली.

"ही मात्र घाणच होती हं," ते म्हणाले.

आणि ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली, लहानपणी बाटली भरून मिळाल्यावर हसायची तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे मास्तर दारात आले. मान घातली. हिरवं काही दिसेना. गोंधळले. मग दोन पावलं आत आले, आणखी दोन आले, आणि शेवटी त्या दवाखान्यातल्या मुलांसारखं त्यांनी नाक काचेला लावलं. माझ्या पोटातलं ते फिकं, दमलेलं, तरी श्वास घेणारं शेवाळ त्यांना पहिल्यांदा दिसलं असावं. ते बाहेर जाऊन ओरडले, "आज भट्टी मंद ठेवा रे! टाकीला बरं नाही."

मित्रांनो, मी धूर पिते म्हणून हवा तेवढा धूर करू नका. माझ्या पोटालाही सीमा आहे, आणि माझ्यातलं हिरवं जिवंत आहे, म्हणूनच ते दमतं. त्याला रोज कुणीतरी जवळ येऊन बघावं लागतं. मला लख्ख करू नका, रंगवू नका. सकाळी आग लावण्याआधी एवढं करा, पुढे या, नाक काचेला लावा आणि विचारा, "आज किती झेपेल?" मी खरं तेच सांगेन. आता पुसायला माझ्याकडे काका नाहीत, आणि खोटं बोलायला ती रेघही नाही.